भाड्याच्या भरवशावर तीन खोल्या

दुष्काळाच्या त्या वर्षी आईनं चौसाळ्यातल्या आमच्या घरामागं तीन खोल्या बांधून भाड्यानं द्यायचं ठरवलं. वडील गेल्यापासून घर तीच चालवत होती. कर्ज मागायला ती पतसंस्थेत गेली, तेव्हा मीही सोबत होते. मॅनेजर भले गृहस्थ होते, पण म्हणाले, "ताई, औंदा शेतात काही पिकलं न्हाई. हप्ता कशातून भरणार?"

"खोल्यांच्या भाड्यातून."

"खोल्याच न्हाईत, तर भाडं कुठलं?"

आई उठली. दोन दिवसांनी ती तिघांना घेऊन परत गेली. दवाखान्यातल्या नर्सबाई, शाळेतले नवे मास्तर आणि बसस्टँडजवळचा शिंपी. तिघांनाही गावात धड जागा मिळत नव्हती. तिघांनी खोली घेऊ, भाडं वेळेवर देऊ, असं लिहून दिलं.

"माणसं मी आणली, खोल्यांचं तुमी बघा," आई म्हणाली. मॅनेजर हसले आणि कर्ज मंजूर झालं.

बांधकाम सुरू झालं, पण टँकरचं पाणी प्यायलाच पुरेना. मग ते तिघं धुण्याभांड्याचं पाणी बादल्यांत साठवून आणायचे आणि नव्या बांधकामावर मारायचे.

भाड्यातूनच कर्ज फिटलं. पुढं नर्सबाईंची बदली नांदूरघाटला झाली, तरी त्या खोली सोडेनात. रोज एसटीनं जाऊन येत. आईनं विचारलं, "तिकडंच खोली का बघत न्हाई?"

त्या म्हणाल्या, "तिकडं मला जेवायला हाक कोण मारणार?"