तुमचा थोरला, रूबेन

दर शुक्रवारी ऊन उतरलं की रूबेनकाका दुकानाचा ॲप्रन काढत, खिशातली छोटी गोल टोपी डोक्यावर ठेवत आणि गल्ल्याशेजारी उभ्या केलेल्या फोनपुढे कमरेत वाकत. जपानात माणसं फोनवर बोलतानाही वाकतात, त्यामुळे गिऱ्हाइकांना त्यात काही वावगं वाटत नसे. कुणी बडा घाऊक व्यापारी लाइनवर असेल असं समजून ती बरणी हातात धरून शांत थांबत. लाइनवर असायचे ठाण्याचे शालोम रोहेकर. रूबेनकाकांचे वडील, वय नव्वदीच्या घरात, दोन्ही डोळ्यांनी अंध.

मी नागोयात कंपनीच्या प्रोजेक्टवर नवी होते. स्टेशनवरून घरी जाताना आईशी फोनवर बोलता बोलता एका जुन्या दुकानासमोर नाकाला रुमाल लावला आणि म्हणाले, "शी, काय आंबलंय कोण जाणे!" तर आतल्या लाकडी पिंपामागून शुद्ध मराठीत आवाज आला, "आंबलेलं नाही बाई, मुरलेलं आहे. आत या, चव बघा." दुकानाच्या पाटीवर नाव किमुरा. पिंपामागून निघाला तो मिशीवाला, सावळा, साठीचा माणूस. मी खजील होऊन गरजेपेक्षा मोठी मिसोची, म्हणजे मुरवलेल्या सोयाबीनच्या लगद्याची, बरणी घेतली. चमचाभर मिसो आमटीत घातला की काय होतं ते त्या दिवशी कळलं, आणि त्यानंतर माझी दर शुक्रवारची फेरी कधी चुकली नाही. शुक्रवारी माझं काम घरूनच असे.

काका बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. "आमचे पूर्वज अलिबागेकडे तेलाचे घाणे चालवायचे. शुक्रवारी सूर्य बुडाला की आमचा विसाव्याचा दिवस सुरू, शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक शनवार तेली म्हणायचे. मी इतक्या लांब आलो आणि काय करतो? सोयाबीनवर दगड ठेवतो. घाणा काही सुटला नाही!" असं म्हणून ते पिंपावर रचलेल्या दगडांवर थाप मारत. घाईच्या गिऱ्हाइकाला त्यांचं एक ठरलेलं उत्तर असे, आधी जपानीत आणि मग माझ्याकडे बघून मराठीत: "घाई दह्याला चालते, मिसोला नाही." शनिवारी मात्र गल्ल्यावर त्यांच्या पत्नी चिएकोकाकू बसत. काका मागच्या खोलीत चुळबुळत बसत आणि दाराची घंटा वाजली की उठत, परत बसत.

फोनवरचा विधी ठरलेला होता. धाकटा भाऊ शमुवेल तिकडे वडिलांसमोर फोन धरायचा. ठाण्यात तेव्हा दुपारच असायची, पण वडील म्हणत, "तुझ्याकडे सूर्य आधी बुडतो, तर तुझा आशीर्वाद आधी." मग विचारत, "कोण बोलतंय?"

"रूबेन. तुमचा थोरला."

"पुरं नाव सांग."

"रूबेन शालोम रोहेकर."

मग म्हातारबाबा चाचपडत आपला तळहात फोनवर ठेवत आणि इकडे सगळा पडदा काळा होई. त्या काळ्या पडद्यातून थरथरता हिब्रू आवाज येई आणि पाठोपाठ मराठी: देव तुला एफ्राईम आणि मनश्शेसारखा करो. काका डोळे मिटून वाकलेले असत. मला आधी ते फार गोड वाटायचं. मी तसं बोलूनही दाखवलं. काका मिसो तोलत होते, त्यांनी मानसुद्धा वर केली नाही.

"गोड कसलं? चोरी आहे ती," ते म्हणाले. "आमच्या धर्मग्रंथातला याकोब माहीत आहे ना? आंधळ्या बापासमोर बसला आणि म्हणाला, मी तुमचा थोरला. धाकटा होता. आशीर्वाद घेऊन गेला. मी खरोखरचा थोरला, तरी तेच करतोय."

चोरी म्हणजे काय, ते मग हळूहळू कळलं. तरुणपणी काका एका यंत्रांच्या कंपनीतर्फे इथे आले आणि किमुरांच्या एकुलत्या एका मुलीवर त्यांचा जीव जडला. सासऱ्यांची एकच अट होती. पाटी उतरता कामा नये. जावई नको, मुलगा हवा. इथे तशी रीतच आहे: वारस नसला की मुलीच्या नवऱ्याला कायद्याने दत्तक घेतात, तो त्या घरचं नाव लावतो, धंदा सांभाळतो आणि त्या घरच्या मेलेल्यांना उदबत्तीही लावतो. मी थट्टेने म्हणाले, "म्हणजे घरजावई!" काकांना हसू आलं नाही. "घरजावई सासऱ्याच्या घरात राहतो, नाव बापाचंच लावतो. मी नाव दिलं," ते म्हणाले. त्यांनी भारताचा पासपोर्ट परत केला, इथले नागरिक झाले आणि वॉर्ड ऑफिसात शिक्का उमटवून किमुरा झाले. घरी लग्नाचं कळवलं. त्यावरून वडील वर्षभर बोलले नव्हते, मग नावाचं सांगायचा धीर झाला नाही. पुढे सांगू, पुढे सांगू करता करता बापाचे डोळे गेले. ठाण्याच्या दारावरच्या पाटीवर अजून बापाचं आणि दोन्ही मुलांची नावं होती, आणि मुलांत काकांचं वर.

सासरे जाऊन बरीच वर्षं झाली होती. मागच्या खोलीतल्या देव्हाऱ्यात त्यांचा फोटो होता. काका रोज सकाळी तिथे उदबत्ती लावत. "सकाळी या बापापुढे वाकतो तेव्हा तो आठवतो. शुक्रवारी त्याच्यापुढे वाकतो तेव्हा हा. माझी मान दोन्हीकडे खालीच," असं ते म्हणत. मी स्वतः आईबाबांना रविवारी, कचरा वेगळा करता करता, फोन स्पीकरवर टाकून उरकणारी मुलगी. मी कोण शहाणपण शिकवणार?

मग एका थंडीत वडिलांनी अंथरूण धरलं. शमुवेलने सांगितलं, आता फार दिवस नाहीत. त्या शुक्रवारी काकांनी दुकानाच्या दारावरचा पडदा लवकर उतरवला. चिएकोकाकू शेजारी गुडघ्यांवर बसल्या. मी निघत होते, तर काका म्हणाले, "थांब. मराठी कळणारं कुणीतरी असू दे."

"कोण बोलतंय?" आवाज अगदी बारीक झाला होता.

काकांनी ओठ ओले केले. "किमुरा," ते म्हणाले. "बाबा, किमुरा बोलतोय." आणि मग सगळं सांगितलं. पासपोर्ट, शिक्का, पाटी, उदबत्ती.

मग म्हातारबाबा म्हणाले, "म्हणजे दत्तक गेलास."

"हो."

"दत्तक कुणी आपण होऊन जातो का रे? दत्तक म्हणजे दिलेला. बाप देतो, तेव्हा मुलगा जातो. मला कुणी विचारलं?"

"बाबा, तुम्ही दिलं नसतं."

"नसतं दिलं कदाचित. पण विचारायचं होतंस. तो माणूस आहे का अजून?"

"नाही. गेला."

"मग आता देऊ कुणाला मी?"

फोन बंद झाला. त्या शुक्रवारी पडद्यावर तळहात आलाच नाही. चिएकोकाकूंना शब्द कळले नव्हते, पण त्यांनी काकांच्या डोक्यावरची टोपी अलगद उचलली आणि घडी करून त्यांच्या खिशात ठेवली. काका दुसऱ्या दिवशी, शनिवार असून, गल्ल्यावर बसले. आता कुणाला फसवायचं, असं म्हणाले.

पुढच्या शुक्रवारी ठाण्याहूनच फोन आला, ठरल्या वेळेच्या आधी. मी नेहमीसारखी गेले होते.

"कोण बोलतंय?"

रोहेकर म्हणावं तर खोटं आणि किमुरा म्हणून तर एकदा पाहिलं होतं. शेवटी काका म्हणाले, "मी."

"मी कोण?"

काकांचा हात खिशातल्या टोपीवर गेला.

"बरं, राहू दे," म्हातारबाबा म्हणाले. मध्ये मध्ये दम लागत होता. "आठवडाभर झोप नाही. एफ्राईम आणि मनश्शे कोण होते रे? योसेफाचे मुलगे. परमुलखात जन्मले, आणि आजोबाने दत्तक घेतले. दर शुक्रवारी मी तुला काय म्हणत आलो? त्यांच्यासारखा हो. झालास! आता दोष कुणाला देऊ? माझंच तोंड." ते हसले की खोकले, कळलं नाही. मग म्हणाले, "त्या माणसाचा फोटो असेल ना? मला त्याच्यासमोर ने."

काकांनी फोन उचलून देव्हाऱ्यासमोर धरला. एकाला दिसत नव्हतं, दुसरा फोटोत होता.

"किमुरा-सान," म्हातारबाबा मराठीत म्हणाले, "हा माझा थोरला. हा तुम्हाला दिला. उशीर झाला, राग मानू नका."

चिएकोकाकूंना त्यातलं आपल्या वडिलांचं नाव तेवढं कळलं. त्यांनी जमिनीला कपाळ टेकलं. आणि मग पडदा काळा झाला, नेहमीपेक्षा जास्त वेळ.

पुढचा शुक्रवार म्हातारबाबांनी पाहिला नाही. त्यांच्यात माती लगेच देतात, थांबत नाहीत. काका मुंबईला उतरले तोवर सगळं आटोपलं होतं. विमानतळावर पासपोर्ट तपासणाऱ्याने हसून इंग्रजीत विचारलं, "मिस्टर किमुरा, भारतात पहिल्यांदाच का?" हे मला काकांनीच सांगितलं, आणि सांगताना पिंपावरचा एक दगड उगाच उचलून परत त्याच जागी ठेवला. शमुवेलने दारावरची पाटी बदलायचं काढलं होतं, यांनी बदलू दिली नाही. पण राहू दे म्हणायचाही मला हक्क नव्हता, असं म्हणाले.

माझं प्रोजेक्ट संपलं तेव्हा मी निरोप घ्यायला गेले. शुक्रवारच होता. ऊन उतरलं होतं, दोन बायका बरण्या धरून थांबल्या होत्या आणि काका टोपी घालून फोनपुढे वाकले होते. फोन बंद होता. काळ्या पडद्यात फक्त त्यांची टोपी दिसत होती. ते सरळ झाल्यावर मी म्हणाले, "काका, त्यांनी तर माफ केलं तुम्हाला. दिलं म्हणाले की स्वतःच्या तोंडाने."

"त्यांनी दिलं गं," काका म्हणाले. त्यांनी माझी बरणी कागदात गुंडाळली, वरून दोरा बांधला. "इतकी वर्षं ते विचारायचे, कोण बोलतंय, आणि मी खोटं सांगायचो. आता खरं काय ते मला ठाऊक आहे. तर विचारणारं कुणी नाही."

मग थांबलेल्या बाईकडे वळून ते वाकले आणि त्यांनी जपानीत विचारलं, आपल्याला काय देऊ?