कागद वरून वाचायचा

मुकादम मॅडमच्या पहिल्याच तासाला आम्ही सगळे फसलो. मस्कतच्या आमच्या कॉलेजात त्या उद्योजकता शिकवायच्या. हजेरीचा म्हणून एक कागद बाकांवरून फिरला, आम्ही भराभर सह्या ठोकल्या. मग चष्मा सारखा करत त्यांनी वरची ओळ मोठ्याने वाचली. ‘मी स्वखुशीने वर्षभर रोज मॅडमना चहा पाजीन.’ ओमानी मुलं काय, केरळची काय, मस्कतच्याच रुवी भागात वाढलेली आमच्यासारखी मराठी काय, एकही सुटला नव्हता.

“सही खाली करायची असते, म्हणून तुम्ही खालीच बघता,” त्या म्हणाल्या. “कागद वरून वाचायचा.” वर्गात हे त्या इंग्रजीत सांगायच्या आणि मला व्हरांड्यात गाठून पुन्हा मराठीत. चहा मात्र त्यांनी आठवडाभर खरंच वसूल केला.

मॅडम रत्नागिरीच्या. नवरा गेल्यावर इथे एकट्याच राहायच्या, मुलगी पुण्याला इंजिनिअरिंग शिकत होती. त्यांच्या परीक्षेपेक्षा मला त्यांच्या गृहपाठाची धास्ती वाटायची. एकदा त्यांनी आम्हाला रुवीत पाठवलं. दहा दुकानांत जायचं, भाव विचारायचा आणि ‘नको’ म्हणून रिकाम्या हाताने बाहेर पडायचं. मी दोन कंगवे, एक टॉर्च आणि अत्तराची बाटली घेऊन परतलो.

मॅडमनी सगळा माल टेबलावर मांडला. “निखिल, दुकानदाराला वाईट वाटेल म्हणून घेतलंस ना हे? उद्या आणखी कुणाला वाईट वाटू नये म्हणून काय काय घेशील?”

तीन वेळा त्यांनी मला परत पाठवलं. चौथ्यांदा मी दहाही दुकानांतून रिकामा बाहेर आलो, तेव्हा कँटीनमध्ये त्यांनी स्वतः मला चहा पाजला. त्या दिवशी मला वाटलं होतं की आता आपण कुणापुढे अडखळणार नाही.

पदवीनंतर त्याच कॉलेजच्या ऑफिसात मला नोकरी लागली. मॅडमनीच शब्द टाकला होता. गेल्या वर्षी मुलं कमी झाली आणि त्यांचा विषय बंद करायचं ठरलं. त्यांच्या करारात अजून एक वर्ष बाकी होतं. कॉलेजने काढलं तर त्या वर्षाचे पैसे द्यावे लागणार होते, त्या आपणहून गेल्या तर नाही. मॅनेजरने माझ्या हातात एक कागद दिला. “आपकी मॅडम है ना? यल्ला, जल्दी साइन लेके आओ.”

मॅडमनी तो वरून वाचला, सावकाश. “स्वखुशीने राजीनामा. उरलेल्या वर्षावर काही हक्क नाही.” मग माझ्याकडे बघितलं. “तू वाचलास हा?”

मी वाचला नव्हता. खाली सहीची जागा तेवढी बघितली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“नको,” त्या म्हणाल्या आणि कागद परत दिला.

मॅनेजर चिडला नाही. संध्याकाळपर्यंत सही आली नाही तर तुझ्याही नावाचा असाच कागद निघेल, इतकंच त्याने शांतपणे सांगितलं. मी पुन्हा मॅडमच्या खोलीत गेलो.

“काय म्हणाला तो तुला?”

मी सांगून टाकलं. सांगायला नको होतं, हे सांगतानाच मला कळत होतं.

मुलीची फी त्यांच्याही डोक्यात असणारच. “तुझ्या बाबांचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात ना रे?” त्यांनी विचारलं. मी मान हलवली. त्यांनी हात पुढे केला, माझ्याकडून कागद घेतला आणि या वेळी न वाचता थेट खाली सही केली.

“खलास,” त्या म्हणाल्या. “जा आता, त्याला देऊन ये.”

मॅडम, नको, एवढंच मला म्हणायचं होतं. दहा दुकानं पुन्हा पुन्हा फिरून मी तो शब्द शिकलो होतो. मी कागद घेतला आणि त्यांना थँक्यू म्हणालो.