बाबांचं मीठपाणी

मंडळी, आज सकाळी बाबांचं बीपी भलतंच चढलेलं निघालं. डॉक्टर म्हणाले, "वयानं नसा कडक होतात, त्यात मीठ जास्त. ते आधी कमी करा."

आणि घरी आल्याआल्या बाबांनी पेलाभर पाण्यात चमचाभर मीठ ढवळलं!

मी पेला ओढून घेतला तर चिडले. "सत्तर-बहात्तर साली निजामपुऱ्यात कापडाच्या लूमवर उभा असायचो. घामानं चक्कर यायची. मीठपाण्याबिगर शिफ्ट निघायची न्हाय, पोरी."

"बाबा, लूम सुटून किती वर्षं झाली! आता दिवसभर पंख्याखाली बसता. घाम येतोच कुठे?"



आजपासून मीठपाणी बंद म्हणजे बंद. लोणचं-पापड माझ्याही ताटात नाही. रुसले तरी चालतील, पण मला बाबा हवेत.

तुमच्या घरात कुणाची जुनी ड्युटी अजून चालू आहे?