कव्हराखालचं बक्कल

भाऊजींच्या नव्या गाडीची पूजा झाली. चाकांखालची लिंबं फुटली, तसे सगळे समाधानाने हसले. सहा महिन्यांच्या भाचीसाठी आणलेली छोटी सीट मी मागे बांधायला गेले, तर पट्ट्याचं बक्कलच सापडेना. ते नव्या सीट-कव्हरखाली गाडलं गेलं होतं.

"अगं, मागे कोण पट्टा लावतं?" भाऊजी म्हणाले. ताई तर बाळाला मांडीवर घेऊन पुढे बसलीही होती.

माझं डोकंच फिरलं. न दिसणाऱ्या नजरेला आपण केवढे घाबरतो, आणि समोरून येणाऱ्या ट्रकला जराही नाही! बंपरला लिंबू-मिरची डोलत होती.

मी कात्री आणून कव्हराला लावली.

"अगं, नवं कोरं आहे ते!" ताई ओरडली.

"ताई, तुझी लेकही नवी कोरीच आहे," मी म्हटलं आणि कव्हर कापलं.