थंड खोलीच्या बाई

आमच्या बाईंसमोर ‘बहुतेक’ म्हणायची सोय नव्हती. “पाटील, किल्ली कपाटात आहे का?” असं त्यांनी विचारलं आणि मी “बहुतेक” म्हणालो, की चष्म्यावरून बघत त्या म्हणायच्या, “मग बहुतेक किल्लीनं कुलूप उघडून दाखवा.” आमचा खानदेश म्हणजे ‘व्हई जाई’चा मुलूख. नळ दुरुस्त होईल का, व्हई जाई. एसटी येईल का, व्हई जाई. पावसाचं, परीक्षेचं, पोरीच्या लग्नाचं, सगळ्याचं उत्तर एकच, होऊन जाईल. अशा मुलखात, त्यातही शिंदखेड्यात जन्मलेल्या बाईला ‘बहुतेक’ची एवढी चीड कुठून आली, हे कोडं मला आजही सुटलेलं नाही.

जळगावच्या कडेला एका ट्रस्टचं हॉस्पिटल होतं. तिथं कॅन्सरच्या रुग्णांना किरण देणारं कोबाल्टचं मशीन होतं. मशीन चालवायचो मी, आणि किरण नको तिथं जाऊ नयेत ही जबाबदारी बाईंची. त्या एमएस्सी झालेल्या, त्यावर मुंबईला जाऊन याच विषयाचं शिक्षण घेऊन आलेल्या. पुढं मशीनमधला कोबाल्ट इतका क्षीण झाला, की एकेका रुग्णाला फार वेळ त्याखाली निजवावं लागे. नवा आणणं ट्रस्टला झेपेना. मशीन बंद केलं, रुग्ण मुंबईला जाऊ लागले, माझी रवानगी एक्स-रेला झाली. बाई मात्र जिथल्या तिथं राहिल्या. कारण मशीन थांबलं तरी त्याच्या पोटात, जाड शिशाच्या आवरणाआड, तो कोबाल्ट होताच. मुंबईहून सरकारी माणसं खास पेटी घेऊन येणार आणि तो नेणार, तोवर त्याची राखण करायची होती.

“बंद झालाय, मेलेला नाही,” बाई म्हणायच्या. “चूल विझली म्हणून राखेत हात घालतो का आपण?” मशीनला त्या म्हातारबा म्हणत. दर सोमवारी सकाळी म्हातारबाची तपासणी असे आणि मदतीला मी. आधी हातातल्या मीटरची परीक्षा, मगच म्हातारबाची. मीटरची बॅटरी बघायच्या, काटा शून्यावर आहे का बघायच्या. मग किरण थेट दारापर्यंत येऊ नयेत म्हणून बांधलेल्या वळणाच्या वाटेनं आत जाऊन, मशीनच्या चहूबाजूंनी मीटर फिरवत आकडे मोठ्यानं म्हणायच्या. कापसाच्या बोळ्यानं मशीनचं तोंड पुसून तो बोळाही मीटरसमोर धरायच्या. कुलूप, दारावरची पाटी, दिवा, सगळं झालं की, “येते म्हातारबा, भेटू,” म्हणून बाहेर. आकडे दर वेळी तेच. मी एकदा कंटाळून म्हणालो, “बाई, गेल्या सोमवारी होतं तेच असणार की.” त्या म्हणाल्या, “तुमची आई रोज दूध उतू जातंय का बघते ना? काल नाही गेलं म्हणून आज पाठ फिरवते का?” माझ्या आईचं दूध बाईंनी कधी पाहिलं होतं कोण जाणे, पण उदाहरण बिनतोड होतं.

एवढ्या चोख बाईला गावानं मात्र फार वाईट वागवलं. त्यांना ‘किरणांची बाई’ म्हणत. किरण हिच्या अंगाला चिकटलेत, अशी बायकांची ठाम समजूत. एसटीत गरोदर बायका त्यांच्या शेजारून उठून जायच्या. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात बाई दिसल्या की लेकुरवाळ्या बाया पोरांना पदराखाली ओढायच्या. एकदा एक रांगतं पोर आपणहून त्यांच्या पायाशी आलं. त्यांनी खाली वाकून हात पुढे केले, तेवढ्यात त्याच्या आईनं झडप घालून उचलून नेलं. बाई तशाच वाकलेल्या राहिल्या आणि मग चप्पल नीट करायला वाकल्यासारखं केलं. मला फार राग आला होता. त्या म्हणाल्या, “पाटील, भीती कळत नाही तेव्हाच जास्त वाटते. त्यांचा काय दोष?” बाई अविवाहित होत्या आणि त्यांना लहान मुलांची फार आवड होती, हे त्या कधी बोलल्या नाहीत, पण मला दिसत होतं.

आता त्या खोलीविषयी सांगायला हवं. किरण बाहेर जाऊ नयेत म्हणून तिच्या भिंती किल्ल्याच्या तटासारख्या जाड. जळगावचा उन्हाळा ज्यांनी काढला आहे त्यांना वेगळं सांगायला नको. तिथं वैशाखात पंखासुद्धा चुलीची हवा घालतो. त्या दिवसांत आख्ख्या हॉस्पिटलात ती एकच खोली गार. आणि आमचा बाळंतिणींचा वॉर्ड नेमका पत्र्याखाली. तान्ही बाळं उन्हानं कोमेजून जायची, अंगभर घामोळं, दूध ओढायचं त्राण नसायचं. ट्रस्टचे अध्यक्ष भाऊ म्हणजे मोठे केळीवाले, माणूस हट्टी पण कळवळ्याचा. त्यांनी ठरवलं, या आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आत म्हातारबाला बाहेर काढायचं आणि तिथं बाळंतिणींना आणायचं. मुंबईकडून येतो येतो एवढंच उत्तर येत होतं. भाऊंना धुळ्याचा एक भंगारवाला भेटला. तो म्हणाला, मशीन कापून, उचलून, खोली झाडून देतो.

बाईंनी साफ नकार दिला. “म्हातारबा जाईल तर मुंबईच्या पेटीतून. भंगारात नाही.”

“बाई, मशीन गेलं की तुमची जागाही जाते. म्हणून तर अडवत नाही ना?” भाऊ पटकन बोलून गेले.

“मुंबईला मीच दर आठवड्याला तार करते, भाऊ. म्हणजे माझी जागा लवकर जावी म्हणूनच करते,” बाई म्हणाल्या. भाऊंनी मान खाली घातली, पण भंगारवाल्याला नाही म्हटलं नाही.

होळीनंतर केळ्यांचं प्रकरण झालं. भाऊंची केळी दिल्लीला जायची होती आणि रेल्वेची वॅगन मिळेना. कापलेले घड उन्हात पिवळे पडायला लागले. केळीवाल्याचं डोकं अशा वेळी एकाच दिशेनं धावतं, सावली कुठे आहे? भाऊंकडे खोलीची दुसरी किल्ली होती. बाई रजेवर शिंदखेड्याला गेल्या होत्या. हमालांनी घड आणून थेट म्हातारबाच्या खोलीत रचले! वर भाऊंनी औदार्यानं चार फण्या वॉर्डात वाटल्या. बाई परत आल्या, दार उघडलं, आणि म्हातारबाभोवती केळ्यांची आरास.

तासाभरात हॉस्पिटलभर बोंब झाली. केळ्यांत किरण शिरले, ज्यांनी खाल्ली ते गेले. रडारड सुरू झाली. गॅस कटरवर लोखंड कापणारे सलीमभाई त्यांच्या आईला घेऊन वॉर्डात होते. म्हातारीनं दोन केळी खाल्ली होती. ते बाईंसमोर हात जोडून उभे. भाऊ स्वतः पांढरेफटक पडलेले. मी बाईंच्या कानाशी लागलो, “बाई, देव पावला. थोडं घाबरू द्या. भंगाराचा सौदा आपोआप मोडतो बघा.”

बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी दोन पावलं मागे सरलो. “आज खोटं घाबरवलं, तर उद्या खरं सांगायला मला तोंड राहील का?”

त्यांनी मीटर तपासलं, म्हातारबा तपासला, मग घडामागून घड तपासले. सगळं हॉस्पिटल दाराबाहेर गर्दी करून उभं. बाई बाहेर आल्या त्या हातात एक पिवळं केळं घेऊन. सोललं, खाल्लं, साल माझ्या हातात दिली. नोकरीत असताना त्या शुद्ध बोलायच्या, त्या दिवशी मुद्दाम गावच्या बोलीत म्हणाल्या, “काही भ्याव नई शे. मशीनना कोबाल्ट शिसामा बंद शे. केळं चांगलं शे, बठ्ठा खा.” म्हणजे सगळ्यांनी खा. सलीमभाईंची आई तिथल्या तिथं तिसरं केळं मागायला लागली. लोक हसले, डोळे पुसले, आणि पांगले. मी मात्र मनातून खट्टू होतो. हातातलं सगळ्यात मोठं हत्यार बाईंनी स्वतः टाकून दिलं, असं मला वाटलं.

आणि तसंच झालं. पुढच्याच महिन्यात एका रविवारी सकाळी भंगारवाल्याचा टेम्पो हॉस्पिटलात शिरला. सुटीचा दिवस साधलेला. टेम्पोत सिलिंडर, नळ्या, आणि कटर चालवायला आणलेले तेच आपले सलीमभाई. मी सायकल काढली आणि जीव खाऊन बाईंच्या घरी गेलो. त्या गच्चीवर शेजारणींकडून शिकत बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड घालत होत्या. ज्वारीच्या चिकानं माखलेल्या हातांनीच त्या माझ्या सायकलच्या मागे बसल्या. मीटर ऑफिसातून उचललं आणि म्हातारबाच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. समोर भाऊ, भंगारवाला, हमाल, वॉर्डातले लोक, सगळे.

“सलीमभाई, याला कटर लावू नका,” बाई म्हणाल्या.

भाऊ चिडले. “बाई, मशीन बंद आहे, भीती नाही, हे तुम्हीच सांगितलंत. केळी तुम्हीच खाल्लीत. आता काय झालं?”

गर्दीत कुजबुज झाली. खरंच, केळी बाईंनीच खाल्ली होती. मला वाटलं, संपलं.

“खाल्ली,” बाई शांतपणे म्हणाल्या. “शिसं शाबूत होतं म्हणून खाल्ली. आज हे शिसंच कापणार आहेत. आत अंगठ्याएवढी डबी आहे. ती उघडी पडली तर पहिले सलीमभाई जातील. मग ती भंगारातून कुणाच्या घरी जाईल, कुठलं पोर तिच्याशी खेळेल, ते मला सांगता येणार नाही. कुणालाच सांगता येणार नाही.”

भंगारवाला म्हणाला, बाईमाणूस उगाच घाबरवतंय, चालू कर रे सलीम. सलीमभाईंनी आधी बाईंच्या हातांकडे पाहिलं, त्यावर वाळत चाललेल्या ज्वारीच्या चिकाकडे. मग सिलिंडरची चावी फिरवून बंद केली.

“सेठ, जिस दिन डरने का नहीं था, उस दिन इसी बाई ने बोला, मत डरो. मेरी माँ के सामने खुद केला खाया. आज बोलती है डरो. मेरे को डरने का है.” नळ्या गुंडाळत ते पुढं म्हणाले, “और दूसरा कारीगर मत ढूँढना. हमारी गली में सब को मैं बोलूँगा.”

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत, आमच्याकडे तशी पद्धत नाही. पण वॉर्डातल्या बायका एकेक करून पुढे आल्या आणि बाईंच्या शेजारी दारात बसल्या. त्याच बायका, पोरं पदराखाली ओढणाऱ्या. टेम्पो रिकामा परत गेला. मग ऑफिसात जाऊन भाऊंनी स्वतः मुंबईला ट्रंक कॉल लावला आणि ट्रस्टच्या अध्यक्षाला शोभणार नाही अशा भाषेत विचारलं, गाडी केव्हा पाठवता? इतके महिने बाईंच्या तारांनी जे झालं नाही, ते भाऊंच्या शिव्यांनी झालं. हे बाईंनीच नंतर हसत कबूल केलं.

मुंबईची गाडी आली तो दिवस मी विसरणार नाही. साहेब लोकांनी सगळं मोजलं, तपासलं, बाईंचे आकडे आपल्या आकड्यांशी ताडले आणि म्हणाले, “आम्हाला दोन दिवस राहायची गरजच नाही.” नटबोल्ट सोडवायला बाईंनी सलीमभाईंना बोलावून घेतलं होतं. म्हातारबाचं मस्तक जाड पेटीत बसलं, क्रेननं गाडीवर चढलं आणि गाडी धुळ्याच्या रस्त्याला लागली. लोक दुतर्फा उभे होते. कुणीतरी चाकापुढे नारळ फोडला. लग्नातल्या पाठवणीसारखी गर्दी होती, फक्त नवरदेव फार जड होता. माझ्या बाईंचा मला त्या दिवशी जेवढा अभिमान वाटला, तेवढा पुढं स्वतःच्या पोरांचाही क्वचित वाटला असेल.

मशीन गेलं, बाईंची जागाही गेली. धुळ्याच्या एका कॉलेजात त्यांना शिकवायचं काम मिळालं होतं. आमच्याकडचा त्यांचा शेवटचा दिवस आखाजीच्या तोंडावर आला, आणि भाऊंनी नेमका तोच दिवस खोली उघडायला धरला. रिकाम्या खोलीला चुना लावलेला, खाटा मांडलेल्या. सरकारी साहेबांचं पत्र भाऊंनी दारातच वाचून दाखवलं, खोली पूर्ण सुरक्षित आहे. बाहेर ऊन भाजत होतं, आत गारवा होता, आणि तरी एकही बाळंतीण उंबरा ओलांडेना. भाऊंनी विनवलं, डॉक्टरांनी समजावलं. कोणी हलेना.

एवढ्यात सोनगीरकडची एक अक्का पुढे आली. तिच्या सुनेची प्रसूती आदल्या दिवशीच झाली होती. भाऊंच्या हातातल्या कागदाकडे तिनं पाहिलंही नाही. बाईंसमोर येऊन विचारलं, “बाई, तुम्ही मोजं का?”

“आज सकाळे मोजं, अक्का. काहीच नई शे.”

अक्कानं लुगड्याच्या धडप्यात गुंडाळलेलं ते लालबुंद बाळ बाईंच्या पुढं धरलं. “मंग तुम्हीच लई जा मना नातूले मझार. तुम्ही जाशात त आम्ही येसूत.”

बाईंनी मीटर माझ्या हातात दिलं. ते एवढंसं बाळ त्यांनी घेतलं, छातीशी धरलं, आणि वळणाच्या वाटेनं त्या आत गेल्या. मागून अक्का गेली, मग सून, मग एकामागून एक सगळ्या बाळंतिणी, आपापली बाळं उचलून.