चित्रगुप्तांचा दगड

दारात चपला काढता काढताच जो माणूस ‘तुमच्याकडे कोणी मेलंय का?’ असं विचारतो, त्याला पाणी द्यावं की हाकलावं, हे आमच्या मसोलीत बरेच दिवस ठरत नव्हतं. शेवटी लोकांनी मधला मार्ग काढला. पाणी द्यायचं, आणि पाठ वळली की ‘चित्रगुप्त आले होते’ म्हणायचं. नोकरीभर ते ग्रामसेवक. किती गावांच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी त्यांच्या हातच्या. निवृत्त झाल्यावर माणसं देवदर्शनाला जातात, गुडघे बदलून घेतात. यांनी डहाणू-तलासरीतून लढाईवर जाऊन परत न आलेल्यांची नावं शोधायला घेतली. सगळी नावं कोरलेला एक दगड उभा करायचा, एवढाच हट्ट.

माझ्याकडे ते आले २०१४च्या दिवाळीनंतर. तेव्हा मी तरुण होते, जेमतेम एकसष्टची, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. आठवडाभर त्यांची स्कूटर आमच्या चिकूच्या वाडीच्या कुंपणाशी हळू होताना मी पाहत होते. विधुर माणूस, पेन्शन चालू, स्कूटर हळू. मी काय समजायचं ते समजले. कपाटातली हिरवी नारायणपेठी निघाली, अबोलीचा गजरा आला, आणि पाणी घातलेल्या झाडांनाच मी पुन्हा पाणी घालू लागले. अखेर एके सकाळी ते फाटक उघडून आत आले. घसा साफ करून म्हणाले, “तुमच्याकडे कोणी मेलंय का?”

“अजून तरी एक मीच मेलेय,” मी मान वेळावून म्हटलं.

“तुम्ही नाही चालणार. लढाईतलं पाहिजे.”

त्यांना हवे होते माझे चुलत सासरे, दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाकडे गेलेले. गजरा फुकट गेला म्हणून मी सूड उगवला. सासऱ्यांना रणगाड्यावर चढवलं, हातात तलवार दिली. चित्रगुप्तांनी पेनाचं टोपणसुद्धा काढलं नाही. “पराक्रम नंतर. आधी नाव आणि गाव,” ते म्हणाले. हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दुसरं तितकंच ठरलेलं: “आधी नाव, मग चहा.” नाव मिळाल्याखेरीज कोणाच्या घरचा चहाचा घोट घेत नसत.

त्या दिवशी चहा पिताना त्यांना कळलं की मी गुजराती शाळेत शिकलेय. सीमेकडच्या जुन्या नोंदी बऱ्याच गुजरातीत. झालं, दुसऱ्या दिवसापासून मी स्कूटरवर मागे. मसोलीत काय काय बोललं गेलं म्हणता! एरवी ‘अगं आई’ म्हणणारी माझी सून तर आठवडाभर माझ्याशी ‘अहो-जाहो’ करत होती. खरा प्रकार असा, की आम्ही दोघं शाळांच्या कोठ्यांत वाळवी लागलेली रजिस्टरं उघडून आलटून पालटून शिंकत होतो.

झरीला आम्ही पोचलो तर पाड्यावरची माणसं रेशनकार्डं घेऊन रांगेत उभी. कुठली तरी योजना आली, असं पसरलेलं.

“काय भेटेल, सायेब?” एका म्हाताऱ्याने विचारलं.

“तुमच्या आजोबांचं दगडावर नाव भेटेल.”

“नाव तर आमच्याकडं आहेच,” म्हातारा हसला. “तुमच्याकडं नाय, म्हणून तर आलात.”

चित्रगुप्त इतके खूश झाले की परतताना स्कूटर थांबवून पुन्हा हसले. म्हाताऱ्याचा आजा पहिल्या महायुद्धात इराककडे, बसऱ्याला खेचरं हाकायला गेला आणि काविळीने तिकडेच संपला. “कावीळ धरायची का?” मी विचारलं. “घरी बसून झाली नाही ना? घ्या.”

असं करत दगड भरत आला. अडलं ते धाकट्या डहाणूला. तिथल्या शाळेच्या जुन्या रजिस्टरात एका मुलीच्या बापाच्या धंद्यापुढे लिहिलं होतं, ‘बोटीवर गेला आहे’. बाप कोळशाच्या बोटीवर खलाशी. दुसऱ्या लढाईत बोट बुडाली, तेव्हा मुलगी पोटात होती. आता ती मुलगी, जमना आका, आमच्यापेक्षा वयाने मोठी, खाडीकाठी बोंबील वाळत घालत बसलेली. दगडासाठी नेमलेल्या समितीतले लोक म्हणत होते, खलाशी तो, शिपाई कुठला? चित्रगुप्तांनी त्यांना गप्प केलं, “बोट बुडवणाऱ्याने बिल्ला बघून बुडवली नाही.” पण आकाला कोण गप्प करणार?

“दगडावर नाव कोरला म्हणजे बा मेला,” ती म्हणाली. “माझ्या आयेने मरेपर्यंत कुंकू पुसला नाय. हिरव्या बांगड्यांत गेली ती. नि आता मी पुसू?”

मी लगेच पुढे सरसावले. सन्मान, इतिहास, पुढची पिढी, असं भाषणच ठोकलं. आकाने बोंबील उलटवता उलटवता विचारलं, “ही कोण रे? बायको तुझी?”

“नाही.”

“मग बरा आहे.”

चित्रगुप्त मात्र त्या दिवशी नाव न मिळताच तिच्या घरचा चहा प्यायले. मी बघतच राहिले. मग ते जातच राहिले. जायचे, सुके बोंबील घ्यायचे, दगडाचा विषय काढायचे नाहीत. त्यांच्या घरात बोंबील ठेवायला जागा उरली नाही; वास माझ्या वाडीपर्यंत यायचा. इकडे समितीने दगडावर ‘हुतात्म्यांस अभिवादन’ लिहायचं ठरवलेलं, पाथरवट घाई करत होता. एक नाव सोडा, म्हणून मीही सांगून पाहिलं. “ते पोरीला न बघता गेले हो,” एवढंच ते म्हणाले.

२०१८च्या थंडीत एकदा आका आपणहून बोलली. “आये सांगायची, बा दारातून वळून ‘येतो’ बोलला. ‘जातो’ नाय बोलला. मग मी त्याला कसा घालवू?”

चित्रगुप्त उठले. मला मागे बसवून स्कूटर थेट पाथरवटाकडे नेली, वरची ओळ थांबवली आणि नवी लिहून दिली. समिती खवळली. “हुतात्मे काढून हे काय? एसटी स्टँडचा बोर्ड आहे काय हा?”

“या नावांतला एक तरी माणूस घरातून ‘जातो’ म्हणून निघाला असेल, तर दाखवा,” चित्रगुप्त म्हणाले. कोणाच्या घरातून निघणार असा माणूस?

दगड उभा राहिला. वर ओळ: ‘येतो म्हणून निघालेली आपली माणसं’. खाली नावं आणि गावं, मरणाची तारीख कोणाचीच नाही. जमना आका नवं लुगडं नेसून आली. तिला वाचता येत होतं, तरी बापाच्या नावावर बोट ठेवून तिने मला मोठ्याने वाचायला लावलं. मग म्हणाली, “ठीक आहे. आला की वाचेल.”

२०१९च्या उन्हाळ्यात चित्रगुप्तांना मुलाने मुंबईला इस्पितळात न्यायचं ठरवलं. निघायच्या सकाळी ते माझ्याकडे आले. चहा झाला. एरवी उठताना ते नुसतं ‘चला’ म्हणायचे, जसं काही मीही उठायचंय. त्या दिवशी फाटकाशी वळले आणि म्हणाले, “येतो हं.”

पुढे त्यांच्या मुलाचा फोन आला, तो मी ऐकून घेतला. सून म्हणते, मी तेव्हापासून चहाला आधण जास्त ठेवते. ठेवते. हिरवी नारायणपेठीही वरच्याच कप्प्यात आहे. ते येतील, चपला काढता काढताच विचारतील, “तुमच्याकडे कोणी मेलंय का?”

मी सांगणार, “छे! कोणीच नाही.”