गाडीचं तोंड रस्त्याकडे

ज्या दिवशी मी गाव सोडलं, त्या दिवशी जीप मीच चालवत होते. दहावी झाली होती, लातूरला अकरावीला नंबर लागला होता. मागच्या सीटवर लोखंडी पेटी, गादीची वळकटी आणि शेंगदाण्याच्या चटणीचा डबा. शेजारी अण्णा, म्हणजे माझे वडील. औशाच्या नाक्यापर्यंत ते मला चालवू देणार होते. पुढे पोलिस असतात म्हणून स्टिअरिंग ते घेणार होते. निरोप द्यायला सगळी आळी रस्त्यावर आली, आणि एवढ्या माणसांसमोर मी गाडी बंद पाडली. चालू केली, पुन्हा बंद. शेजारची गोदामावशी तोंडाला पदर लावून म्हणाली, "जीपीला बी कळायलंय माय, नको जाऊस म्हणून." अण्णा पुढेच बघत होते. म्हणाले, "क्लच दमानं सोड."

यात काही खोल अर्थ शोधू नका. त्यांना क्लचप्लेटची काळजी होती, बस्स. मी दमानं सोडला आणि गाडी निघाली.

गावात राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखे उठून गेलेल्यांनो, हे तुम्हा दोघांनाही सांगते आहे. पण आमची जीप तुम्ही वापरली असली तरी ती आमच्या घरात काय होती, हे तुमच्यातल्या थोड्यांनाच ठाऊक असेल. तेव्हा आधी तेवढं सांगते.

त्र्याण्णवच्या भूकंपाच्या आदल्या दिवशी गणपतीचं विसर्जन होतं. अण्णा गावातली माणसं जीपमध्ये भरून मिरवणूक दाखवायला घेऊन गेले होते, मीही हट्टानं गेले. येताना मी मागच्या सीटवर झोपून गेले. अण्णांनी मला उठवलं नाही. गाडी आमच्या बोळात घातली, दाराशी लावली आणि तेही पुढच्या सीटवर आडवे झाले. बोळ अरुंद, वळवायला जागा नाही, म्हणून ते नेहमी सरळ तोंड आत करून लावत आणि सकाळी रिव्हर्स घेत. पहाटे जमीन हलली. आमच्या डोक्यावर जीपची ताडपत्री होती, आईच्या डोक्यावर दगडमातीचं माळवद होतं. लोकांनी तिला बाहेर काढलं तेव्हा ती बोलत होती, पाणी मागत होती. जीप समोर उभी होती, धडधाकट. पण तोंड आत, आणि मागे सगळा बोळ भिंतींच्या दगडांनी भरलेला. दगड उपसून गाडी मागे काढेपर्यंत ऊन चढलं. लातूरच्या दवाखान्याच्या वाटेवर, औशाच्या अलीकडेच आई गेली.

यात अण्णांची काय चूक? काही नाही. सगळ्यांनी त्यांना हेच सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि त्यानंतर आयुष्यात कधी गाडी तोंड आत करून लावली नाही. कुठेही जावो, आधी वळवायची, मागे घ्यायची, तोंड रस्त्याकडे. लग्नाच्या मांडवात वऱ्हाड खोळंबलं तरी हा सोहळा व्हायचाच. "तोंड रस्त्याकडं पायजे. मग बाकीचं बघू." आमच्या घरचा धर्म म्हणाल तर एवढाच.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी मला गाडी शिकवायला घेतली. पोरीला जीप शिकवतोय म्हणून पारावरची मंडळी हसली. अण्णांचं म्हणणं साधं होतं: मी पडलो तर घरात गाडी बाहेर काढणारं माणूस पाहिजे. आता आमच्या घरात माणूस म्हणजे मी. पाय क्लचपर्यंत पोचत नव्हता, म्हणून पाठीशी आईच्या गोधडीची घडी घातली. सगळं जग आधी पहिला गिअर शिकतं. मला अण्णांनी आधी रिव्हर्स शिकवला.

शिकायला जागा मात्र अशी मिळाली की पुण्या-मुंबईच्या लोकांना मिळणार नाही. जुन्या गावापासून लांब, माळावर नवं गाव आखायला घेतलं होतं. रस्ते आधी झाले, मोठे रुंद, काटकोनात. घरांच्या जागी नुसत्या चुन्याच्या रेघा. मी त्या रेघांमधून जीप मागे घ्यायला शिकले. कुणाच्या होणाऱ्या स्वयंपाकघरातून, कुणाच्या न्हाणीतून. आपली जागा बघायला आलेली गोदामावशी एकदा ओरडत धावली, "अगं ए, माझ्या देवघरात कुठं चाक घालायलीस!" अण्णा हसले. आई गेल्यानंतर ते हसलेले मी पहिल्यांदा पाहिले. मीही हसले, आणि हसता हसता मावशीच्या देवघरातच गाडी बंद पाडली.

घरं झाली, चाव्या मिळाल्या, पण आत झोपणार कोण? सिमेंटचा स्लॅब बघितला तरी छातीत धडकी भरायची. लोकांनी नव्या घरांत धान्य ठेवलं आणि दारात पत्र्याची शेडं मारून स्वतः तिथे राहिले. अण्णा जीपमध्ये झोपायचे. मागच्या सीटवर गुडघे दुमडून, तोंड रस्त्याकडे. जीपचं.

मग लातूर. आमच्यासारख्या गावांना त्या काळात एकच वाट दिसत होती, आणि ती क्लासच्या बोर्डांमधून जात होती. एका खोलीत चार कॉट, भिंतीवर सूत्रं, डोक्यात टक्के. घर्षणाचा धडा सर फळ्यावर शिकवत होते, तेव्हा माझ्या नाकात क्लचप्लेट जळल्याचा वास येत होता. रविवारी अण्णा ज्वारीच्या कडक भाकरी घेऊन यायचे. क्लासच्या गल्लीत सायकलींची ही गर्दी, त्यात ते जीप पुढे-मागे करत तोंड फिरवायचे, आणि सगळी गल्ली त्यांच्या नावानं बोंब मारायची. मला लाज वाटायची. आता त्या लाजेचं काय करायचं ते कळत नाही.

जूनमध्ये अण्णांची जीप गावोगावची पोरं लातूरला पोचवायची. आपल्या गावाची तर बहुतेक सगळी. पेट्या, वळकट्या, आयांचं रडणं. जाताना जीप भरलेली, येताना रिकामी. मी त्यातलीच एक. त्या रुंद रस्त्यांवर खेळायला मग कुणी उरलंच नाही. भूकंपातून जी घरं वाचली, ती क्लासनी रिकामी केली, असं मी म्हटलं तर तुम्हाला राग येईल. येऊ द्या राग. मीही डिग्री घेऊनच बसले आहे.

बारावीनंतर नांदेडला इंजिनिअरिंग. होस्टेलच्या फाटकात मला सोडून अण्णा म्हणाले, "आता तुझं तू बघ. मी हाय तितं." आणि ते होतेच तिथे, गावी. पुढे नोकरी, लग्न, अमेरिका. अटलांटाला पहिली गाडी घेतली ती ऑटोमॅटिक. डावा पाय गाडीत नुसता पाहुण्यासारखा बसतो. सिग्नल लागला की अजूनही तो खाली जातो, तिथे काही नसतं, आणि तो गुपचूप परत येतो. माझी मुलं हसतात. त्यांना क्लच म्हणजे काय ते ठाऊक नाही, आणि सांगायचं तर कुठून सुरू करू?

अण्णांना एकदा इथे आणलं, कायमचं ठेवायचं म्हणून. त्यांनी आल्या आल्या घराची भिंत बोटांनी वाजवून पाहिली. "लाकूड हाय की. पडलं तरी लागनार न्हाई." मला वाटलं, जमलं. पण तिसऱ्या सकाळी ते ड्राइव्हवेवरच्या गाडीत झोपलेले सापडले आणि शेजाऱ्यांनी पोलिसांना फोन केला. पोलिस बिचारा सभ्य होता. अण्णाच ओशाळले. कुणाला त्रास नको म्हणाले, आणि परतीचं तिकीट काढायला लावलं. विमानतळावर मी रडले. ते म्हणाले, "जीप एकलीच हाय तितं."

ते आता इथे येणार नाहीत. आणि मी तिकडे परत येणार नाही, हेही एकदाचं लिहून टाकते. इतकी वर्षं फोनवर "बघू, पुढच्या वर्षी" म्हणत आले. मुलांच्या शाळा आहेत, घराचे हप्ते आहेत, नवऱ्याला तिथे काम नाही. कारणं सगळी खरी आहेत, आणि म्हणूनच त्यांच्यापुढे काही चालत नाही.

गेल्या वर्षी आम्ही नव्या कॉलनीत आलो. इथे नियम आहे: मागची नंबरप्लेट दिसावी म्हणून गाडी तोंड आत करूनच लावायची. मी सवयीनं रिव्हर्स लावली. आधी काचेवर चिठ्ठी आली, मग दंड, मग एका सकाळी गाडीच उचलून नेली. आता मी भिंतीकडे तोंड करून लावते. इंजिन बंद केल्यावर थोडा वेळ तशीच भिंतीकडे बघत बसते. मग वर जाते.

अण्णा फोनवर फार बोलत नाहीत. पण फोन ठेवण्याआधी विचारतात, "गाडी कशी लावलीस?"

"रस्त्याकडं तोंड हाय, अण्णा."

"मग झोप निवांत."

मागच्या महिन्यात गोदामावशीचा फोन आला. अण्णा सकाळी जीपमधून उतरताना पडले, मांडीचं हाड मोडलं. दुखण्यानं बेशुद्ध व्हायची वेळ आली होती, आणि दवाखान्यात न्यायला गाडी मिळेना. "दारात जीप हाय गं माय," मावशी रडत म्हणाली, "तोंड बी रस्त्याकडं हाय. पर चाकं गेल्यात, दगडावर उभी हाय. अन् असती चाकं, तरी चालवनारं कोन हाय इतं? सगळी पोरं तिकडं." शेवटी भाजीचा टेम्पो थांबवून त्यांना लातूरला नेलं. ते वाचले. आता चालता येत नाही. तरीही आग्रह करून जीपमध्येच झोपतात; मावशीची सून आणि आणखी दोघी मिळून त्यांना उचलून आत ठेवतात.

ज्या एका सकाळसाठी त्यांनी मला गाडी शिकवली, ती सकाळ येऊन गेली. पुन्हाही येईल. मी तेव्हाही इथेच असेन, हे मला माहीत आहे, त्यांनाही माहीत असावं.

घर म्हटलं की मला आता भिंती आठवत नाहीत, जुन्याही नाहीत आणि नव्याही नाहीत. त्या रुंद, ओसाड रस्त्यावर दगडांवर उभी असलेली जीप दिसते. तोंड रस्त्याकडे. मागच्या सीटवर अण्णा झोपलेत. पुढे, ड्रायव्हरच्या सीटवर, पाठीशी गोधडीची घडी अजून तशीच आहे.